इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी आणि शैक्षणिक कर्ज : हिशेब कसा मांडायचा

इलेक्ट्रिकलला नोकऱ्या आहेत, पगार बरे आहेत, तेव्हा कर्ज काढायला हरकत नाही, असं सरसकट सांगितलं जातं. पहिली दोन विधानं बऱ्याच अंशी खरी आहेत. तिसरं मात्र त्यांच्यातून आपोआप निघत नाही. कर्ज किती, व्याज कोणत्या पद्धतीचं, कॉलेज कोणतं आणि पदवी वेळेत हातात पडली नाही तर काय, हे सगळे प्रश्न मधल्यामध्ये गळून जातात.

हा हिशेब सरासरी विद्यार्थ्याला समोर ठेवून करायचाच नाही, असं माझं मत आहे. वर्गाच्या खालच्या चौथाईतला विद्यार्थी घ्यायचा. पहिल्या नोकरीत त्याच्या हातात किती पैसे पडतील ते बघायचं आणि शिक्षण संपल्यावरचा खरा हप्ता त्यातून सुटतो का, हे तपासायचं. त्याला झेपत असेल तर वरच्यांना झेपेलच. सगळे नेमकं उलट करतात. सगळ्यात मोठ्या पॅकेजचा आकडा डोक्यात ठेवून कर्जाच्या अर्जावर सही करतात.

साधनं फार लागत नाहीत. एक स्प्रेडशीट पुरे. त्यात पीएमटी नावाचं सूत्र असतं. व्याजदर, हप्त्यांची संख्या आणि रक्कम टाकली की ते महिन्याचा हप्ता देतं. देश आणि चलन कोणतंही असलं तरी रीत तीच, म्हणून पुढे मी कर्ज सगळीकडे १०० धरलं आहे. तुमची रक्कम जितकी असेल त्या प्रमाणात आकडे वाढवा.

पायरी १ : शंभराचे किती होतात ते आधी काढा

चार वर्षांची पदवी, दर वर्षाच्या सुरुवातीला २५ उचलले, व्याज १० टक्के. पहिल्या वर्षी उचललेल्या २५ वर चार वर्षांचं व्याज चढतं, शेवटच्या २५ वर एकाच वर्षाचं. सरळव्याजाने हे २५ होतात. त्यावर नोकरी शोधायला एक वर्षाची सवलत मिळाली तर आणखी १०. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या आधीच देणं १३५ झालेलं असतं. दरवर्षीचं व्याज मुद्दलात मिळवलं जात असेल तर हाच आकडा १४० च्या थोडा वर जातो.

मोरेटोरियम म्हणजे हप्त्याला सुट्टी. व्याजाला सुट्टी असेलच असं नाही. भारतात इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, व्याज मात्र सरळव्याजाने चढत राहतं, आणि परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते. अमेरिकेच्या केंद्र सरकारी कर्जात दोन प्रकार आहेत. एकात शिक्षण चालू असताना व्याज सरकार सोसतं, दुसऱ्यात ते विद्यार्थ्याच्या नावावर जमत जातं. खासगी कर्ज देणाऱ्यांची रीत ज्याची त्याची वेगळी. म्हणून कुठलाही हिशेब मांडायच्या आधी ‘शिक्षण संपेल त्या दिवशी माझ्या नावावर किती असतील?’ हा प्रश्न लेखी विचारा.

आता हप्ता. चक्रवाढीचं, म्हणजे १४०.४ चं देणं १० टक्क्यांनी फेडताना :

- सात वर्षांत : महिना सुमारे २.३३, एकूण भरणा १९६
- दहा वर्षांत : महिना सुमारे १.८६, एकूण भरणा २२३
- पंधरा वर्षांत : महिना सुमारे १.५१, एकूण भरणा २७२

दहा वर्षांचा पर्याय जरा जवळून बघा. पहिल्या महिन्याच्या १.८६ पैकी १.१७ व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ०.६९ ने कमी होतं. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले तरी साधारण ८७ बाकी असतात. उचलले होते १००, निम्मी मुदत संपली आणि अजून ८७! हे बेकायदा नाही, कुणी फसवलेलंही नाही. समान हप्त्याचं गणितच तसं आहे. पण आधी ठाऊक नसलं की पाचव्या वर्षी खात्याचा उतारा बघून धक्का बसतो.

याच टप्प्यावर एक स्वस्त उपाय सापडतो. शिक्षण चालू असताना आणि सवलतीच्या वर्षातही निदान व्याज भरत राहिलात, तर हप्ते सुरू होतील त्या दिवशी देणं १०० च राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता १.८६ ऐवजी १.३२ होतो. वाटेत भरलेलं व्याज धरूनही एकूण भरणा २२३ वरून १९४ वर येतो. घरच्यांना पूर्ण फी झेपत नसेल, पण महिन्याचं व्याज झेपत असेल, तर त्यांची मदत इथे लावणं सगळ्यात फायद्याचं.

पायरी २ : खर्चाचा पूर्ण आकडा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण पटकन उरकते. पहिल्या वर्षाची फी गुणिले चार असं करू नका. फी दरवर्षी वाढते, तेव्हा वाढ धरूनच बेरीज करा. राहणं-जेवण, प्रवास, परीक्षा शुल्क, लॅपटॉप, कर्जाची प्रक्रिया फी आणि बँक गळ्यात मारते तो विम्याचा हप्ता हेही त्यात घाला. शिष्यवृत्ती वजा करा, पण ती पहिल्याच वर्षापुरती आहे का आणि टिकवायला किती गुण लागतात, हे बघून. इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षात गुण घसरणं अगदी नेहमीचं आहे.

पायरी ३ : पगार कोणता धरायचा

खरी मेहनत इथे करायची. कारण कर्जाचा आकडा बँक देते, तर पगाराचा आकडा ज्याला जे विकायचं आहे तो देतो.

आधी कॉलेजची जाहिरात वाचायला शिका. समजा वर्गात ६० जणांनी प्रवेश घेतला. चौथ्या वर्षापर्यंत कुणी गळालं, कुणाचे विषय राहिले, आणि कॅम्पस मुलाखतींना ४५ जण ‘पात्र’ ठरले. त्यातल्या ३६ जणांना नोकरी लागली. फलकावर ८० टक्के प्लेसमेंट लिहिलं जातं. पण प्रवेश घेताना तुम्ही साठांतले एक असता, पंचेचाळिसांतले नाही. तुमच्यासाठी आकडा ६० टक्के. आता त्या ३६ पैकी २० जण सॉफ्टवेअर कंपन्यांत गेले असतील, तर इलेक्ट्रिकलच्या नोकरीत साठांतले सोळाच उरले. काही ठिकाणी एकाच विद्यार्थ्याला मिळालेली तीन ऑफर लेटर तीनदा मोजतात. म्हणून ‘किती ऑफर’ असं विचारू नका. ‘किती विद्यार्थी, कितींपैकी, कोणत्या कामात’ असं विचारा.

या साठांना पगाराच्या चढत्या क्रमाने रांगेत उभं केलं, तर खालून पंधरावा, म्हणजे चौथाईवरचा विद्यार्थी, पदवीच्या दिवशी बिननोकरीचा निघतो. मग त्याचा पगार शून्य धरायचा का? तसं नाही. कॅम्पसमधून न लागलेल्यांना सहा-आठ महिने हिंडून जी पहिली नोकरी मिळाली, तिचा पगार धरायचा. कंत्राटदाराकडे साइट इंजिनिअर, पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात चाचणीचं काम, देखभालीची शिफ्ट, असं काहीतरी. हा आकडा कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही. गेल्या वर्षी पास झालेल्या चार-पाच जणांना गाठून विचारावा लागतो. टॉपरला नाही, मधल्या आणि खालच्या बाकांवरच्यांना. मुलं हे मोकळेपणाने सांगतात.

सरासरी पगाराचं काय करायचं? सोडून द्यायचा. दोघांना परदेशी चिप कंपनीत प्रचंड पगार मिळाला की सगळ्या वर्गाची सरासरी फुगते. निदान मध्यक मागा, म्हणजे चढत्या क्रमात मधोमध येणारा पगार. आणि शक्य असेल तर खालच्या चौथाईवरचा.

सरकारी आकडेवारी जिथे आहे तिथे ती जरूर वापरा, पण ती नक्की काय मोजते ते समजून. अमेरिकेत २०१५ पासून ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ आहे आणि २०१९ पासून त्यात कॉलेजच नव्हे तर शाखेनुसारही कमाई आणि कर्जाचे आकडे मिळतात. त्यात तीन खाचखळगे आहेत. एक : कमाईत फक्त केंद्र सरकारची आर्थिक मदत घेतलेले विद्यार्थी मोजले जातात. दोन : कर्जाच्या आकड्यात खासगी कर्ज धरत नाहीत आणि पालकांनी काढलेलं कर्ज वेगळं दाखवतात. पदवीसाठी पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला केंद्र सरकारी कर्ज एकूण ३१,००० डॉलरपर्यंतच मिळतं. त्यामुळे महागड्या कॉलेजचं ‘मध्यक कर्ज’ कमी दिसलं तरी उरलेला बोजा पालकांच्या किंवा खासगी कर्जात दडलेला असू शकतो. तीन : शाखेचा क्रमांक. इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्स-कम्युनिकेशन इंजिनिअरिंग १४.१० या गटात येतं, तर इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी १५.०३ मध्ये. नावं सारखी वाटतात. अभ्यासक्रम, नोकऱ्या आणि पगार वेगळे.

दुसरी गल्लत व्यवसायाच्या आणि पदवीच्या आकड्यांत होते. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरचा मध्यक वार्षिक पगार १,११,९१० डॉलर होता. आकडा खरा आहे, पण तो त्या पदावर काम करणाऱ्या सगळ्यांचा आहे, वीस-पंचवीस वर्षं मुरलेल्यांसकट. ज्याला ते पद मिळालंच नाही तो पदवीधर त्यात नाही. पहिल्या वर्षाचा पगार म्हणून तो वापरणं चूकच. इंग्लंडमध्ये ‘लाँगिट्युडिनल एज्युकेशन आउटकम्स’ ही आकडेवारी करखात्याच्या नोंदींशी जोडलेली आहे आणि पदवीनंतर एक, तीन, पाच अशा वर्षांची कमाई विषयवार दाखवते. अशी वर्षावर्षाची मांडणी जिथे मिळते तिथे पहिल्या तीन वर्षांचाच आकडा उचला. हप्ते सगळ्यात जड जातात ते तेव्हाच.

शेवटी पॅकेजमधून हातात पडणारी रक्कम वेगळी काढा. निवृत्ती निधीतला मालकाचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, दोन वर्षं टिकलात तर मिळणारा बोनस आणि शेअर हे सगळं पॅकेजमध्ये असतं, पण पाच तारखेला खात्यात पडत नाही. कर वजा करा. हप्ता उरलेल्या रकमेतूनच जाणार आहे.

पायरी ४ : इलेक्ट्रिकलमध्ये नक्की कोणतं इलेक्ट्रिकल

एकाच पदवीतून इतक्या वेगळ्या वाटा फुटणाऱ्या शाखा थोड्याच आहेत. वीजनिर्मिती आणि पारेषण, रिले आणि प्रोटेक्शन (बिघाड होताच वीज तोडणारी यंत्रणा), इमारतींचं विद्युत डिझाइन, पीएलसी-स्काडाचं ऑटोमेशन (कारखान्यातली यंत्रं संगणकाने चालवणं), इन्व्हर्टर आणि विजेवरच्या गाड्यांचं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, एम्बेडेड (उपकरणांच्या आत बसवलेले छोटे संगणक), आरएफ (रेडिओ लहरींचं तंत्र), चिप डिझाइन. शिवाय सॉफ्टवेअरचं दार उघडं असतंच.

या वाटांवर पगाराची चाल वेगवेगळी असते. वीज कंपन्यांत सुरुवात बेताची असते, पण नोकरी टिकते आणि पगार ठरलेल्या पायऱ्यांनी वाढतो. चिप उद्योगात सुरुवात दणदणीत असते. मात्र तो उद्योग तेजी-मंदीच्या चक्रावर चालतो आणि मंदीच्या वर्षी भरती बंद होते. नेमक्या त्या वर्षी तुमची पदवी झाली तर? ऑटोमेशनमध्ये पहिली दोन वर्षं कारखान्यातून कारखान्यात फिरायला लागतं, पगार मध्यम असतो, पण साइटवरचा अनुभव लवकर चांगला पगार मिळवून देतो. हप्ता ठरलेला असेल तर पहिल्या पाच वर्षांत स्थिर उत्पन्न देणारी वाट मोठ्या पण लहरी पगारापेक्षा जास्त कर्ज पेलते. सहसा याचा विचार कुणी करत नाही.

म्हणून कॉलेज बघताना तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे ऐच्छिक विषय बघा. पॉवर सिस्टिम शिकवायला माणसं आहेत का? प्रयोगशाळेत रिले टेस्टिंगचा संच चालू आहे की कपाटात आहे? चिप डिझाइन शिकवतात असं म्हणत असतील तर कोणत्या सॉफ्टवेअरची परवानगी त्यांच्याकडे आहे? ज्या वाटेच्या पगारावर तुम्ही कर्ज मोजताय, ती वाट त्या कॉलेजातून निघते का, एवढंच तपासायचं आहे.

मान्यतेकडेही एक नजर टाका. १९८९ चा वॉशिंग्टन करार इंजिनिअरिंग पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा आहे. भारत २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. पण सदस्य देशातली प्रत्येक पदवी त्यात येत नाही, विशिष्ट मान्यता मिळालेले अभ्यासक्रमच येतात. अमेरिकेत इमारत किंवा वीज प्रकल्पाच्या आराखड्यावर जबाबदारीने सही करायला लागणारं ‘पीई’ लायसन्स मिळवताना मान्यताप्राप्त पदवी असली की रस्ता सोपा होतो.

पायरी ५ : कसोटी

‘एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या पगाराच्या आत ठेवा’ हा ठोकताळा बराच फिरतो. वाईट नाही, पण त्यात व्याजदर कुठेच नाही. पदवीच्या दिवशीचं देणं आणि वार्षिक पगार सारखेच असतील आणि परतफेड दहा वर्षांत असेल, तर ५ टक्के व्याजावर वर्षभराचे हप्ते पगाराच्या १२.७ टक्के होतात. १० टक्क्यांवर १५.९ आणि १२ टक्क्यांवर १७.२. नियम एकच, पण एका देशात तो जरा आवळून बसतो आणि दुसऱ्या देशात गळफास होतो. शिवाय हे प्रमाण कर कापण्याआधीच्या पगाराशी आहे.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१४ च्या ‘गेनफुल एम्प्लॉयमेंट’ नियमात यापेक्षा कडक रेघ ओढली होती. हा नियम मुख्यतः नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था आणि सर्टिफिकेट कोर्सेससाठी होता. वर्षाचे हप्ते पदवीधरांच्या वार्षिक कमाईच्या ८ टक्क्यांच्या आत, किंवा जगण्यापुरती रक्कम वगळून उरलेल्या कमाईच्या २० टक्क्यांच्या आत असले तर अभ्यासक्रम पास. नियम २०१९ मध्ये रद्द झाला, २०२३ मध्ये नव्या रूपात परत आला. राजकारण काही असो, ८ टक्के हा आकडा सोबत ठेवण्यासारखा आहे. १० टक्के व्याज आणि दहा वर्षांच्या परतफेडीला तो लावला, तर देणं वार्षिक पगाराच्या जेमतेम निम्मं असायला हवं.

माझी स्वतःची रेघ अशी : पायरी ३ मधल्या खालच्या चौथाईच्या विद्यार्थ्याच्या हातात पडणाऱ्या पगाराच्या २० टक्क्यांवर हप्ता जाऊ नये. घरी राहून नोकरी करणाऱ्याला २५ टक्केही निभावतात. मोठ्या शहरात भाड्याने राहणाऱ्याला १५ सुद्धा जड जातात.

आपल्या उदाहरणात हप्ता १.८६ आहे. तो २० टक्क्यांत बसायला महिन्याला हातात ९.३ हवेत, वर्षाला सुमारे १११. म्हणजे १० टक्के व्याज, पाच वर्षं बिनहप्त्याची आणि दहा वर्षांची परतफेड या अटींवर, हातात येणारा वर्षाचा पगार मूळ उचललेल्या कर्जापेक्षा थोडा जास्तच लागतो. कॅम्पसबाहेर नोकरी मिळालेल्याला महिना ६ मिळत असतील, तर त्याचा ३१ टक्के पगार हप्त्यात जाईल. ते जमत नाही. मग मुदत पंधरा वर्षं करावी लागते, हप्ता १.५१ होतो, तरी २५ टक्के जातातच, आणि एकूण भरणा २७२ वर पोचतो.

पायरी ६ : पदवी लांबली किंवा सुटली तर

इलेक्ट्रिकलमध्ये नेटवर्क थिअरी, सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स या विषयांत मुलं अडकतात. कारण बहुतेक वेळा गणितच असतं. डिफरन्शियल इक्वेशन्स आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म कच्चे राहिले की पुढचं सगळं डळमळतं. एक वर्ष वाढलं तर काय होतं ते बघा. आणखी २५ उचलले, आधीच्या सगळ्या रकमेवर आणखी एक वर्षाचं व्याज चढलं आणि सवलतीचं वर्ष पुढे ढकललं गेलं. चक्रवाढीने देणं १४० ऐवजी १८५ होतं आणि हप्ता २.४४. कर्ज पाव पटीने वाढलं, हप्ता मात्र ३२ टक्क्यांनी. वर एका वर्षाचा पगार गेला तो वेगळाच.

सगळ्यात वाईट गत अर्ध्यावर सोडणाऱ्याची होते. कर्ज अर्धंमुर्धं असतं, पण पगार पदवीधराचा नसतो. म्हणून कॉलेजला विचारायचा प्रश्न : चार वर्षांपूर्वी प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण चार वर्षांत पास झाले? उत्तर टाळलं गेलं तर त्याचा अर्थ समजून घ्या. आणि प्रवेशाआधीचे दोन महिने कॅल्क्युलसला दिले तर तेवढा परतावा दुसरी कुठलीही गुंतवणूक देणार नाही.

पायरी ७ : पदवी नसती तर

तुलना शून्याशी करायची नसते. हातातल्या दुसऱ्या वाटेशी करायची असते. वीजतंत्री, तंत्रज्ञ किंवा पदविकाधारक म्हणून सुरुवात करणारा चार वर्षं कमावत असतो. समजा त्याच्या हातात वर्षाला ४८ येतात आणि पदवीधराला पुढे ८४ येणार आहेत. चार वर्षांत पदवीधर १९२ ने मागे पडतो. पाचव्या वर्षी, हप्ता सुरू व्हायच्या आधी, ३६ भरून काढतो. सहाव्यापासून पंधराव्या वर्षापर्यंत हप्ते वजा जाता वर्षाला जेमतेम १४ ची आघाडी मिळते. पंधराव्या वर्षाअखेर तो अजून १९ ने मागेच असतो आणि सोळाव्या वर्षी पुढे जातो.

कर्ज १०० ऐवजी ५० असतं तर हाच विद्यार्थी बाराव्या वर्षी पुढे गेला असता. पगारात काहीही फरक न पडता चार वर्षं वाचली. अर्थात हे गणित दोघांचे पगार गोठवून केलं आहे. पदवीधराचा पगार सहसा जास्त वेगाने वाढतो, त्यामुळे प्रत्यक्षात आघाडी लवकर येते. पण ती किती लवकर, हे पुन्हा पायरी ४ मधल्या वाटेवर अवलंबून. आधी पदविका, थोडी नोकरी आणि मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, हा मार्ग जिथे आहे तिथे तो या तक्त्यात घालून बघाच. अनेकदा तोच जिंकतो, आणि त्याला प्रतिष्ठा कमी म्हणून घरातून विरोधही बहुधा तेवढाच असतो.

उत्पन्नाशी बांधलेलं कर्ज असेल तर

वरचा बराचसा हिशेब ठरलेल्या हप्त्याच्या कर्जाचा आहे. काही देशांत पद्धतच निराळी. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पदवी सुरू करणाऱ्यांना २५,००० पौंडांवरच्या उत्पन्नाच्या ९ टक्के भरावे लागतात आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ होतं. पगार ३५,००० असेल तर वर्षाला ९०० पौंड, महिना ७५. कर्ज तीस हजार असो की साठ हजार. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून अशी योजना आहे. तिथे व्याज नाही, पण रक्कम महागाईच्या किंवा वेतनवाढीच्या निर्देशांकाने, जो कमी असेल त्याने, वाढते. २०२५-२६ मध्ये ६७,००० डॉलरवरच्या उत्पन्नावर परतफेड सुरू होत होती.

इथे हप्ता परवडेल का, हा प्रश्नच उरत नाही. प्रश्न बदलतो : कर्ज किती वर्षं पाठीशी राहणार? इलेक्ट्रिकलचा चांगला कमावणारा पदवीधर बहुधा सगळं फेडतो, म्हणून त्याच्यासाठी मुद्दल कमी ठेवण्याला अर्थ आहे. ज्याचं उरलेलं कर्ज शेवटी माफच होणार आहे, त्याने घाईने जादा पैसे भरणं म्हणजे सरकारला देणगी.

परदेशी जाऊन शिकणार असाल तर

कर्ज एका चलनात आणि पगार दुसऱ्या चलनात, ही दुधारी गोष्ट आहे. तिथे नोकरी लागली तर हप्ता हलका, मायदेशी परतावं लागलं तर तोच हप्ता असह्य. अमेरिकेत शिकल्यावर १२ महिने काम करण्याची मुभा असते आणि इलेक्ट्रिकलसारख्या शाखांना आणखी २४ महिने. म्हणजे खात्रीने मोजता येतील असे फार तर तीनच वर्षांचे पगार, तेही नोकरी मिळाली तर. पुढचा व्हिसा तुमच्या हातात नाही. म्हणून पायरी ५ ची कसोटी दोनदा लावा : एकदा तिथल्या पगारावर आणि एकदा मायदेशातल्या. दुसरीत नापास होत असाल, तर तीन वर्षांत निदान किती मुद्दल फिटायला हवं, तो आकडा जाण्याआधी ठरवा.

कसोटीत नापास झालात तर कात्री कुठे लावायची

सगळ्यात आधी कॉलेजच्या नावावर. पायरी ४ च्या प्रश्नांना दोन कॉलेजांची उत्तरं सारखीच येत असतील आणि एकाची फी दुप्पट असेल, तर तो जादा पैसा कशासाठी, हे स्वतःला विचारा. काही नावं खरोखर दारं उघडतात; पण ती मोजकीच असतात आणि सहसा महागड्या मधल्या फळीत नसतात. त्यानंतर राहण्याचा खर्च. मग शिकताशिकता पगारी इंटर्नशिप. इलेक्ट्रिकलमध्ये ती पैशांपेक्षाही पहिली नोकरी लवकर मिळवून देते म्हणून मोलाची. मुदत वाढवणं सगळ्यात शेवटी.

मंजुरीपत्र हातात आलं की सही करण्याआधी पुढच्या गोष्टी शोधा : व्याज स्थिर की बदलतं, बदलतं असेल तर किती महिन्यांनी. सवलतीच्या काळात सरळव्याज की चक्रवाढ. मुदतीआधी फेडलं तर दंड आहे का, आणि जादा भरलेली रक्कम मुद्दलात जमा होते की पुढच्या हप्त्यापोटी धरली जाते. सहकर्जदार कोण आणि त्याची सुटका कधी होते. पालक सहकर्जदार असतील तर शेवटचा हप्ता येईल तेव्हा त्यांचं वय किती असेल, ते पत्राच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवा. पंधरा वर्षांची मुदत घ्यायची की दहा, याचा निर्णय तो आकडा बघून बराचसा होऊन जातो.